आजीच्या जेवणाची वीज

मित्रांनो, मी एक जुना वीजमापक आहे. दिसायला मुठीएवढा. भिंतीवरचा बोर्ड आणि शेगडीची पिन यांच्या मधे मला खोचतात आणि त्या शेगडीने किती वीज खाल्ली, तो आकडा मी माझ्या काचेवर दाखवतो.

कारखान्यात तपासणीला बसलेल्या बाईंनी मला दिव्याला लावून पाहिले आणि "बरोबर दाखवतोय" म्हणून बाजूला ठेवले. तेवढ्या शब्दांवर मी पुष्कळ दिवस फुगून होतो.

मला विकत घेतले अण्णांनी. ते वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी नातवंडांना गोळा केले आणि सारखेच पाणी विजेच्या किटलीत, इंडक्शनवर आणि कॉइलच्या जुन्या शेगडीवर उकळून दाखवले. किटली जिंकली. कॉइल सपशेल हरली, कारण तिची बरीचशी धग इकडेतिकडेच जाते. झाकण ठेवले की तिचाही आकडा उतरतो, हे पाहून पोरांनी टाळ्या पिटल्या. शेजारीपाजारी मला मागून नेऊ लागले. ते माझे सुखाचे दिवस.

मग अण्णांना माणसे मापायची चटक लागली.

घरात दोन सुना. धाकटी माहेरून इंडक्शन आणि त्याची भांडी घेऊन आली होती. थोरलीची पातेली अ‍ॅल्युमिनियमची, ती इंडक्शनवर तापतच नाहीत. म्हणून ती कॉइलवर रांधायची. शिवाय अण्णांची बायको, म्हणजे आजी, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. तोंडात दात नाही. तिचे सगळे अगदी गाळ शिजवावे लागे, आणि ते थोरलीकडेच होते.

अण्णांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरी ते मला दोघींच्या शेगड्यांना आलटूनपालटून लावायचे आणि रोज जेवायला बसले की मोठ्याने आकडे वाचायचे.

"धाकटीची शेगडी शहाणी. थोरलीची आजही अधाशी."

धाकटी पदराआड हसायची. थोरलीचा नवरा ताटात बघत राहायचा.

"अण्णा, आईंचं शिजायला वेळ लागतो," थोरली एकदा म्हणाली.

"कारणं वीज खात नाहीत, सूनबाई. शेगडी खाते."

"मग त्यांच्यापुरतं इंडक्शनचं एक पातेलं आणू या का?"

"तिचे दिवस किती राहिलेत? तेवढ्यासाठी नवं पातेलं कशाला?"

आतल्या खोलीचे दार उघडे होते.

दुसऱ्या दिवसापासून आजी जेवायला कुरकुर करू लागली. थोरली वाटी घेऊन जायची, चमचा पुढे करायची, आणि आजी ओठ मिटून विचारायची, "आज किती झालाय गं आकडा?"

"आकड्याचं तुम्हाला काय करायचंय, आई? खा बघू थोडंसं."

"पोट भरल्यासारखं वाटतंय. उद्या माझं टाकू नकोस शेगडीवर."

थोरली टाकायची, आजी परत पाठवायची. हळूहळू पातेले लहान झाले, शेगडी लवकर बंद होऊ लागली. माझा आकडा रोज घसरत गेला. अण्णा माझ्या पाठीवर बोट वाजवून म्हणायचे, "बघा, लागली की नाही शिस्त?" घरात माझे इतके कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते.

आजी गेली. माणसे भेटायला येऊ लागली. थोरली चहाचा ट्रे घेऊन बैठकीच्या दारात उभी असताना अण्णा एका पाहुण्याला सांगत होते, "आमच्याकडे विजेचा आकडा निम्म्यावर आलाय. रोज मापलं की येतोच."

थोरलीने ट्रे खाली ठेवला. ती स्वयंपाकघरात आली, बटण बंद केले, मला उपसून काढले आणि खरकट्या भांड्यांच्या बादलीतल्या पाण्यात सोडून दिले.

संध्याकाळी अण्णांनी मला बाहेर काढले, पुसले, हलवून पाहिले. माझ्या काचेवर काही उमटेना. सकाळी त्यांनी नवा मापक आणला आणि माझ्या जागी खोचला. थोरलीने त्यालाच शेगडी लावून अण्णांचा चहा केला.

आता मी एका दुरुस्तीवाल्याच्या खोक्यात, तुटक्या पिनांच्या ढिगात पडून आहे. मित्रांनो, वीज जरूर मापा. भांड्यावर झाकण ठेवा. पण आकडा वाचून कुणाला बोल लावण्याआधी एकदा आतल्या खोलीत डोकावून या. माझ्या काचेवर चार आकड्यांपुरतीच जागा होती. आजी उपाशी आहे, हे त्यात मावत नव्हते. ते ताटावर बसलेल्या माणसांनी वाचायचे होते.