कचऱ्यातली कमळं

हो, मीच बोलतोय, चपलांच्या कपाटावर बसलेला जुना संगणक. जुना म्हणा, पण भंगार म्हणू नका. तैवानच्या तायचुंग शहरातल्या या घराचं ईमेलचं पोस्ट ऑफिस मी एकटा चालवतो!

एका कचेरीने मला टाकून दिलं होतं. या घरच्या रुईचेनबाईंनी उचलून आणलं. आपली पत्रं परक्या कंपनीच्या दारात का पडावीत, असं त्यांचं म्हणणं. तीन रविवार खपून त्यांनी मला घडवलं आणि डोक्यावर हिरव्या पाकिटातला नारळाचा खाऊ ठेवला. यंत्र बिघडू नये म्हणून इकडे त्यावर तो ठेवतातच; त्या खाऊच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे खुनयान यांनी, तो एकदा फस्त केला.

"मशीनच्या तोंडचा घास पळवता? लाज नाही वाटत?" बाई कडाडल्या.

आलेलं प्रत्येक पत्र मी पारखतो. चांगलं ते सामाईक पेटीत, ती दोघंही उघडतात. आमिषं, जाहिराती कचऱ्याच्या कप्प्यात. काय अडवलं त्याची यादी रोज सकाळी दोघांना देतो. फेकत मात्र काहीच नाही, कचरासुद्धा.

खुनयान यांची आई, आमा, दूर दुसऱ्या शहरात, तायतुंगला एकटी राहते. रोज सकाळी सहाला तिचं पत्र यायचं: कमळाचं चित्र, वर ठळक 'सुप्रभात'.

"रोज तेच कमळ! आईला दुसरा उद्योग नाही," म्हणत खुनयान यांनी चार दिवस ती कचऱ्यात ढकलली. पाचव्या दिवसापासून मीच ढकलू लागलो. शिकवाल तसं शिकणार ना मी! अशी तीन वर्षं गेली.

गेल्या बुधवारी न्याहारी करताना बाईंनी यादी पाहिली.

"अहो, आज आईंचं कमळ नाही."

"सुटलो बुवा!"

"सुटलो काय? फोन लावा आधी."

फोन कुणी उचलेना. आमाच्या शेजारच्या काकूंना पिटाळलं. आमा न्हाणीघरात पाय मोडून पडली होती. दुपार झाली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

माझी छाती फुगली, का फुगू नये? आलेली पत्रं कुणीही पोचवतो. न आलेल्या पत्राची खबर मी दिली!

काल खुनयान इस्पितळातून परतले आणि थेट माझ्यापुढे बसले. कचऱ्याचा कप्पा उघडला. एकूण एक कमळ जागेवर होतं. पहिल्यांदाच त्यांनी एक चित्र वर सरकवलं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, "जेवलास का, बाळा?" दुसऱ्याखाली तीच. तिसऱ्याखालीही तीच. ते रडू लागले, आणि मलाही वाईट वाटलं.

मग डोळे पुसून त्यांनी सगळी कमळं सामाईक पेटीत आणली. तुम्हीही आपल्या घरचा कचरा एकदा खालपर्यंत वाचा, एवढंच माझं मागणं.

शेवटी त्यांनी सगळ्यात जुनं पत्र उघडलं आणि तीन वर्षांनी उत्तर लिहिलं.

"आई, जेवलो. तू?"