एवेलियो साहेबांची चौकट

काआग्वासू गावच्या दूधसंघात एवेलियो काबान्यास साहेब आले आणि साध्यासुध्या कामांना शिंगं फुटली. संघाचा कारभार आता संगणकावरच्या आकृत्यांवर चाले. एकेका कामाची चौकट, चौकटीतून चौकटीत बाण, आणि आकृती जशी काढाल तसा फाटकाचा दांडासुद्धा हलायचा. आकृत्या काढायची निमिया ओसुना. तिची नोकरी कंत्राटी. ती कायम होणार की घरी बसणार हे महिनाअखेरच्या बैठकीत ठरायचं होतं, आणि शिफारस करणार कोण, तर हेच महाशय!

साहेबांनी आल्या आल्या नियम बसवला. कुणीही नवी आकृती उघडली की तिच्यात ‘मंजुरी: एवेलियो काबान्यास’ अशी चौकट आपोआप उमटणार. ती पुसली तर आकृती साठवलीच जाणार नाही. झाडू मागवायचे असोत की दूध तापवायचं असो, मध्ये हा गृहस्थ ठाण मांडून बसलेलाच. काम काडीचं नाही, पण मिरवायची हौस केवढी!

सकाळी सगळ्यांत तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार काढ्याचा, पेला फिरत होता, तेव्हा निमियाने विचारलंच.

“साहेब, दुधाचे ट्रक आत घ्यायलाही तुमची मंजुरी?”

“मग? दूध माझ्या नजरेखालून जायला नको?”

“जाऊ दे की. पण दुपारी तुमची नजर मिटलेली असते.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा पडला.

“तू चौकटी काढ, निमिया. डोकं चालवायला संघाने मला नेमलंय.”

‘दिसतंय ते,’ असं निमिया मनात म्हणाली आणि मुकाट्याने आकृती काढून दिली. पोटावर पाय नको होता तिला.

इकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, ऊन म्हणजे नुसती भट्टी. जेवणं झाली की अख्खं गाव दारं लावून आडवं होतं, आणि वामकुक्षीतून उठवणाऱ्याला इथे कुणी माफ करत नाही. नेमके तेव्हाच खेड्यांतून कॅन भरलेले ट्रक फाटकाशी आले. पडद्यावर अक्षरं: मंजुरीची वाट पाहत आहे. फाटकावरच्या सिंदुल्फोकाकांनी निमियाला फोन लावला.

“अहो काका, साहेबांच्या घरी जाऊन उठवा त्यांना!”

“मी? या वेळेला? अगं, माझी सून अडली होती तेव्हासुद्धा डॉक्टरचं दार वाजवायला माझा हात उचलला नव्हता!”

निमियाने स्वतः फोन लावला. बंद. ती उन्हातून धावत साहेबांच्या दाराशी गेली आणि मुठी आपटत राहिली. साहेब निवांत उठले, तोंड धुतलं, फोन चालू केला आणि अंगठ्याने मंजुरी दिली. तोवर पहाटे उठून बायाबापड्यांनी काढलेलं दूध कॅनमध्ये फाटलं होतं. निमियाला रडूच आलं.

साहेब मात्र तयारीचे. त्याच संध्याकाळी त्यांनी नियमातलं स्वतःचं नाव काढून तिथे निमियाचं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी महिनाअखेरच्या बैठकीत छाती काढून उभे राहिले.

“मंजुरी निमियाकडे होती, बाई. हे बघा,” म्हणत त्यांनी संघाच्या अध्यक्षा हर्मिनियाबाईंपुढे एक आकृती उघडली. चौकटीत निमियाचं नाव.

निमियाची कानशिलं तापली. “ही आत्ता उघडलेली कोरी आकृती आहे, साहेब. ट्रकची उघडा.”

“सगळ्या सारख्याच...”

“उघड रे, एवेलियो,” हर्मिनियाबाई म्हणाल्या.

उघडली. एवेलियो काबान्यास. पुढची उघडली. एवेलियो काबान्यास. झाडूंच्या आकृतीतही एवेलियो काबान्यास.

“नियम बदलला तरी तो नव्या आकृत्यांनाच लागतो,” निमिया म्हणाली. “जुन्या आहेत तशाच राहतात. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?”

“दूध नासलं ते नासलं, वर या पोरीच्या गळ्यात घालतोस?” बाई कडाडल्या. “निमिया, तू आजपासून कायम. आणि एवेलियो, तुझ्याबद्दल आता संचालकच ठरवतील. या सगळ्या आकृत्या छापून ठेवते त्यांच्यापुढे.”

बाहेर आल्यावर साहेबांनी तिला गाठलं. आवाजात कधी नव्हे तो लोण्याचा गोळा.

“निमिया, बाई माझी, संचालक यायच्या आत जुन्या आकृत्यांतून माझं नाव काढ ना गं.”

“काढलं असतं, साहेब. पण बदललेली आकृती साठवली की ती नवी धरली जाते, आणि नवीला आता माझी मंजुरी लागते. कालच नियम केलात ना? ट्रकची तेवढी देते, उद्याचं दूध अडायला नको. बाकीच्यांत बसा तुम्ही ठाण मांडून.”