चिंचेने उजळलेलं पिस्तूल

वडील गेले आणि मागे एक पिस्तूल उरलं, पोलिस ठाण्याच्या कपाटात, चिठ्ठी बांधून ठेवलेलं. साताऱ्याला धाकटा भाऊ शौनक, दोह्याला सुचित्रा; दोघांच्या मधे समुद्र आणि हा एक निर्णय. ठेवायचं तर शौनकने आपल्या नावावर परवाना काढायचा, जन्मभर हेलपाटे घालायचे. नाहीतर विकून मोकळं व्हायचं. शौनकचं मन विकण्याकडे. सुचित्राला ते घरातून जाऊ द्यायचं नव्हतं. पण हेलपाटे तिचे नव्हते, मग हट्ट तरी कुठल्या तोंडाने करणार? वस्तू काय आहे, केवढ्याची आहे ते आधी कळू दे, मग बोलू, असं दोघांचं ठरलं.

दोह्यात सुचित्राच्या ऑफिसातल्या नफिसाचे वडील इब्राहीमचाचा मूळचे राजापूरकडचे. इथे तीस वर्षं त्यांनी शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्या होत्या. शुक्रवारी जेवणं उरकल्यावर सुचित्रा अल गराफा भागात त्यांच्या घरी गेली. शौनकने साहेबांच्या परवानगीने ठाण्यात बसून काढलेले फोटो तिने टॅबवर मोठे केले.

पाठीवरचा गुडघ्यासारखा मुडपणारा सांधा दिसताच चाचा म्हणाले, ही लुगर, जर्मन फौजेची. नळीच्या मुळाशी साल होतं, १९३९. मग जत्रेत बापाने पोरं मोजावीत तसे ते एकेका भागावर कोरलेले, पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे शोधत गेले. त्रेचाळीस, त्रेचाळीस, पुन्हा त्रेचाळीस. कुठलाच भाग परका नव्हता. सुचित्राचा ऊर भरून आला. आजोबा मराठा पलटणीतले. इटलीत शरण आलेल्या एका जर्मन अधिकाऱ्याने हे त्यांच्या हाती दिलं, असं घरात सांगत. ते खरं असेल का, तिने विचारलं.

"लोखंड आपलं साल सांगतं, बाय. कोणाच्या हाती होतं, ते नाय सांगत."

पुढच्या फोटोवर मात्र ते थबकले. पिस्तूल चांदीच्या तांब्यासारखं लखलखत होतं.

"हे कोणी घासलंन?"

"आम्हीच," सुचित्रा म्हणाली. दर खंडेनवमीला चिंच आणि राख घेऊन ती आणि आत्या अंगणात बसत. आत्या घासता घासता म्हणायची,

घास बाई घास, जाऊ दे काळा शाप,
उजळल्या लोखंडात दिसू दे गं माझा बाप.

मग हळदीकुंकू, झेंडूचं फूल. आत्याच्या आधी आजीने घासलं होतं. देवाची भांडी घासतात तसं, त्याच मायेने.

चाचांनी हळूच सांगितलं की याचा मूळ रंग पिकल्या जांभळासारखा निळाकाळा. तो चिंचेने खाल्ला, शिक्क्यांच्या कडाही झिजल्या. संग्रह करणारे रंगालाच पैसे मोजतात. किंमत आता तिसऱ्या हिश्शावर.

"आणि जो घेईल," ते म्हणाले, "तो पहिलं काम करील ते परत काळं करून घ्यायचं."

खाली गाडीत बसून तिने शौनकला फोन लावला. घासण्याचं गाळून नुसतं आकड्यांचं सांगावं, भाव वाढेपर्यंत ठेव म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण तिने सगळं सांगितलं, तिसऱ्या हिश्शासकट.

शौनक हसला. "म्हणजे आपणच वाटोळं केलं की! राख मी चाळून द्यायचो, ताई."

"घेणारा ते काळं करून घेईल म्हणे."

शौनकचं हसू थांबलं.

"म्हणजे आत्याने घासलेलं सगळं झाकून टाकणार?"

"हो."

"मग नको," शौनक म्हणाला. सोमवारी कलेक्टर कचेरीत जातो, परवाना माझ्या नावावर घेतो, म्हणाला. "तुझं संमतिपत्र लागेल, वकिलातीचा शिक्का मारून. चालढकल करू नकोस, तुझी सवय मला माहितीये."

"नाही करत," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही गाडी सुरू न करता ती तशीच बसून राहिली, ज्या हातांनी ते घासलं होतं त्यांचे तळवे मांडीवर उताणे ठेवून.