फोटोतली टेकडी

गावात उतरलेल्या बाबांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर विमानातून काढलेला भला मोठा फोटो टांगलेला. त्यात वीटभट्टीमागे चक्क टेकडी दिसत होती आणि आमच्या भट्टीमागे तर टेकडीच नाही!

"चामड्याच्या डोळ्यांना नाही दिसायची," बाबा गरजले. "हरवलेली माणसं तिथंच राहतात. एकवीस दिवस औषधं बंद ठेवा, वाट उघडेल!"

"मग बाबांना चष्मा कशाला?" शिंपी पुटपुटला. बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

माझी म्हातारी मात्र हात जोडून बसायची. तीन वर्षांपूर्वी दगडखाणीची कड ढासळली, त्यात आमचा धाकटा मुलगा गेला. देह सापडला नाही. "सापडला नाही म्हणजे आहे," हे तिचं गणित. तिनं साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडल्या. बाराव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, शुद्धीवर आली तरी गोळी घेईना.

मी भूगोलाच्या बाईंकडे धावलो. साठीत मला अक्षरं त्यांनीच शिकवली होती. दुसऱ्या दिवशी त्या शाळेतला नकाशा घेऊन थेट मांडवात आल्या. म्हातारी तिथंच होती.

"बाबा, सावली कुठं पडलीय?"

"मायेची सावली, बाळ..."

"माया राहू द्या. भट्टीच्या धुराड्याची सांगा."

लोक हसले. फोटोत ती वरच्या बाजूला पडली होती. बाई म्हणाल्या, "उजेड वरूनच येतो, असं डोळा धरून चालतो. म्हणून सावली आपल्याकडे येईल असा फोटो धरायचा. नाहीतर खड्डासुद्धा फुगलेला दिसतो."

त्यांनी फोटो उलटा टांगला. टेकडी आत बसली. माथ्यावर चढणारी पायवाट ट्रक उतरायचा रस्ता झाली. बाईंनी नकाशात त्याच जागी बोट ठेवलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचलं: दगडखाण. वीस वर्षं तिथं दगड फोडले, पण वरून ती कधी पाहिली नव्हती.

बाबा मागच्या कनातीतून पसार झाले. लोक ओरडत मागे धावले.

म्हातारी हलली नाही. खड्ड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "बाई, परत होता तसा करा ना. थोडाच वेळ."

 मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती पाण्याशिवायच गिळली.

मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर आधी सावली कुठं पडलीय ते विचारा. आणि लगेच विचारा. मी बारा दिवस गप्प बसलो, कारण मलाही ती टेकडी हवी होती.