सीट खाली घ्या

महिपतला सल्ले द्यायची भारी हौस. तरुणपणी तालुक्याची सायकल शर्यत जिंकला होता, ती अजून त्याच्या डोक्यातून उतरली नव्हती. मुरबाडच्या बाजारात त्याचं दुकान. कमळ तिथे सायकल घ्यायला आली तेव्हा तिने साफ सांगितलं, "शेट, मला सायकल येत नाय. दोनी पाय टेकतील अशी द्या."

"पाय टेकायला पाट हाय का तो?" महिपतने सीट वीतभर वर काढली आणि नट आवळला. "पाय टेकले का जोर लागत नाय. उंच बसायचं, वाकायचं, पायडल मारायचं!"

कमळला कुठे शर्यत जिंकायची होती? तिला कारखान्यात दुपारच्या पाळीला वेळेवर पोचायचं होतं. गावची जीप भरल्याशिवाय हलत नसे, आणि पुन्हा उशीर झाला तर नाव कापीन, असं मुकादमाने बजावलं होतं. नवरा गेल्यापासून घरची चूल तिच्या एकटीवर होती.

खळ्यावर ती लटपटत का होईना शिकली. पण कामावर निघाली त्या पहिल्याच दिवशी रस्त्याच्या उतारावर म्हैस आडवी आली. कमळने ब्रेक दाबला, पाय खाली सोडला आणि तो अधांतरीच राहिला. ती तोंडावर डांबरावर आदळली. पुढचे दोन दात पडले, हनुवटी फाटली, पदर रक्ताने भिजला.

तशीच सायकल ओढत ती दुकानात गेली. "सीट खाली घ्या," ती रक्त थुंकत म्हणाली.

महिपतने हातातला चहाही खाली ठेवला नाही. "पडल्याबिगर कोन शिकतंय गो?"

कमळचं टाळकं सणकलं. तिने हवेचा पंप उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं बाहेर उभ्या लोकांनाही ऐकू आलं. महिपत टायरांच्या ढिगावर कोसळला. तिने त्याच्या छातीवर पाय रोवला. "आता शिकलास?"

तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. तिसऱ्यांदा तिने पंप उगारला, तोच कारखान्याचा भोंगा वाजला. तिने पंप फेकला, पाना घेतला, सीट खाली केली आणि बसून पाहिलं. दोन्ही पाय टेकले.

"नट... ढिला हाय," खालून महिपत रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला. "अजून आवळ. नायतर पडशील."

गिऱ्हाइकाकडे बघून दिलेला त्याचा हा पहिलाच सल्ला. कमळ उतरली, नट आवळला आणि जमिनीला पाय घाशीत कारखान्याकडे निघाली.