मामाच्या हातचा घास

चांदूर बाजारजवळच्या एका गावात ज्योत्स्नाताई अंगणवाडी चालवत. लेकरांना काय भरवावं, हे आयांना त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं, की वाक्यं आपोआप तोंडातून पडत. सहा महिने झाले की घट्ट घोटलेली खिचडी, वरून चमचाभर तेल, नुसतं वरणाचं पाणी नको. आया माना डोलवत. घरी जाऊन काय करत, ते वजनाचा काटा सांगे.

करिश्माच्या आठ महिन्यांच्या ललितचं वजन दोन महिने सारखं घटत होतं.

"उष्टावणच नाई झालं ना ताई," ती म्हणाली.

पहिला घास मामानं भरवायचा. आणि मामा, म्हणजे करिश्माचा भाऊ सागर, वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगवर होता आणि रुसला होता. बारशाला सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी मिळाली, नेमकी त्यालाच द्यायची राहून गेली. एवढंसंच कारण. पण माणसं याहून लहान गोष्टींवर जन्म काढतात.

करिश्माची सासू गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती. "मामा आल्याबिगर घास नाई. आमच्या घरी असंच चालत आलं."

ज्योत्स्नाताईंचं डोकं फिरलं. "मामा येईपर्यंत लेकरू तं धड रायलं पायजे ना बाई! पुढच्या महिन्यात वजन अजून घटलं, तं अमरावतीले भरती करा लागन."

म्हातारीनं तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. हिच्यापुढे बोलण्यात अर्थ नाही, असं ठरवून ताईंनी खिचडीचं सगळं पुन्हा एकदा करिश्मालाच समजावलं.

पुढच्या महिन्यात काटा साडेतीनशे ग्रॅम वर गेला. ताईंनी पोराला उतरवून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेवढंच भरलं.

"चोरून भरवलंस ना?"

"तुमची शपथ ताई. माहा दिवस तं वावरातच जाते. अन् सासूबाईच्या पुढं माही हिंमत हाय काय?"

ताईंना ते काही पटलं नाही. पोरगी खोटं बोलते याचं वाईट वाटलं, पण वजन वाढलं होतं, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

त्या रविवारी सागर आला. गोदाबाईनं टॉवेल-टोपी वरूडला धाडली, तेव्हा कुठे त्याचा रुसवा गेला. ताईंनाही बोलावणं होतं. पाट मांडला, वाटीत खीर आली. सागरनं भाच्याला मांडीवर घेऊन घास ओठाशी नेला. ललितनं तोंड गच्च मिटलं. दुसऱ्यांदाही तेच. मग तो मामाच्या मांडीवरून उतरला, रांगत सरळ गोदाबाईपाशी गेला आणि तिचं लुगडं धरून त्यानं मोठा आ केला.

करिश्मा सासूकडे बघतच राहिली.

"पाहून काय रायले?" गोदाबाई खेकसली. "वजन घटून रायलं होतं ना! भरती होऊ देऊ काय माह्या लेकराले?"

ज्योत्स्नाताईंनी कामाचंच विचारलं. "तेल किती टाकता?"

"चमचाभर. वरून," म्हातारी म्हणाली. "तुमीच तं सांगतलं होतं."