खुंटी कुणी हलवली?

शिंपीदादांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मशीन थांबवलं. शेजारचा नळवाला दोन घरांमधल्या सामाईक मोकळ्या जागेत पावलं मोजत होता. दादांच्या भिंतीपासून बारा, स्वतःच्या भिंतीपासून बारा. बरोबर मधोमध त्याने खुंटी ठोकली.

"बघितलंस? आज खुंटी, उद्या कुंपण, परवा पत्र्याची शेड!" दादा बायकोला म्हणाले.

"अहो, झाड लावायचंय म्हणत होते भावजी."

"झाडाचं नुसतं निमित्त. हातभर रोपाला एवढा पसारा कशाला लागतो?"

दुपारी नळवाला जेवून आडवा झाला. दादांनी इकडेतिकडे पाहत खुंटी उपटली आणि त्याच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून ठोकली. लाव म्हणावं आता, तुझं तुझ्या दारात!

संध्याकाळी नळवाला शिरीषाचं रोप घेऊन आला. खुंटी पाहून थबकला आणि थेट दादांच्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा, खुंटीला पाय फुटले वाटतं."

"मला काय विचारतोस? मी मशीनवर होतो!"

"बरं, राहिलं. पण हे झाड भराभर वाढतं. दहा वर्षांत छपरांच्या वर जाईल. भिंतीला खेटून लावलं तर मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरतील. तसली मुळं ओढण्यातच माझी हयात गेली. वर तारा नाहीत, खाली पाइप नाही, अशी मधली एकच जागा आहे."

"आणि त्यात तुझा फायदा काय?" दादांनी डोळे बारीक केले.

"माझा? उन्हं कलली की सावली तुमच्या खिडकीवर येईल. मागच्या उन्हाळ्यात वहिनी काजं करता करता चक्कर येऊन पडल्या, विसरलात? आणि एक सांगा, वाढत्या पोराचा सदरा तुम्ही अंगाबरोबर शिवता का?"

"छे! ऐसपैस शिवतो," दादा म्हणाले आणि त्यांना आपली चूक उमगली.

अरेरे! जो माझ्या बायकोच्या सावलीसाठी पावलं मोजत होता, त्यालाच मी चोर ठरवलं!

"खुंटी मीच हलवली," ते बायकोदेखत म्हणाले. "चुकलो. चल, खड्डा मी खणतो."

"कंबर सांभाळा," बायको म्हणाली. "सगळा जोर शंका घेण्यात गेलाय तुमचा!"

मंडळी, मोठं झाड लावताना आजचं रोप पाहू नये, उद्याचा घेर पाहून जागा सोडावी. आणि शेजाऱ्याच्या मनात काय आहे, ते खिडकीआडून ताडत बसू नये. सरळ जाऊन त्यालाच विचारावं.